कशाच्या मानाने नऊ

पिरेअस, ९ सप्टेंबर १९८६

ताई,

शनिवारच्या बोटीने एक लांबट खोका पाठवलाय. धक्क्यावर कुणाला तरी उभं कर, नाहीतर बोटवाले तो बटाट्यांच्या पोत्यांखाली टाकतील. आत दाजींच्या होडीसाठी नवा अँटेना आहे. जुन्याचं गंजून पार चिपाड झालंय, असं तूच लिहिलं होतंस. मी इतकी वर्षं जहाजांवर वायरलेस सांभाळत मार्कोनीगिरी केली. आता दुकानात बसून सगळ्या जगाचे वायरलेस दुरुस्त करतो. आणि माझ्याच बहिणीचा नवरा गंजक्या तारेवर बोलतो, हे काही बरं दिसत नाही.

केबिनच्या छपरावर अगदी सरळ उभा बसवायचा. केबल कापायची नाही, जास्तीची असली तर गुंडाळून ठेवायची. सांध्यावर डांबरी पट्टी लावायची. आणि दाजींना सांग, त्याला मासे वाळत घालायचे नाहीत.

काही विचारायचं असलं तर पत्र लिही. कॉफीघरातल्या फोनवर बोललेलं आपण रिसीव्हर ठेवायच्या आत अख्ख्या बेटाला ठाऊक होतं.

तुझा,
पांदेलिस


बेटावरून, २० सप्टेंबर

पांदेलिस, बाळा,

खोका पोचला, आणि त्याच्यामागून घरात भांडणही पोचलं.

धक्क्यावर नेमका याकूमिस उभा होता, त्याची होडी घेऊन नुकताच परतलेला. त्याने खोक्यावरचं छापलेलं वाचलं, तेही मोठ्याने. "तीन डेसिबल! स्त्रातिस, माझा नऊचा आहे रे! मेहुण्याच्या दुकानात न खपलेला माल तुझ्या गळ्यात बांधलाय वाटतं!" सगळे हसले. स्त्रातिस पण हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला लांबूनच दिसले. घरी आल्यावर खोका कोपऱ्यात आपटला आणि म्हणाला, "तुझ्या भावाने मला तीन लायकीचा समजलं."

मी त्याची समजूत घालायला गेले, पण घालू काय? मला तरी कुठे कळतंय? मच्छीमार संस्थेच्या खोलीतला वायरलेस मी सांभाळते, रोज दुपारी एकेका होडीला हाक मारते, कोण कुठे आहे ते विचारते. बटण दाबायचं आणि सोडायचं, एवढंच माझं ज्ञान. नऊ हे तिनाच्या तिप्पट, हे मात्र मलाही कळतं. तू खरंच काटकसर केलीस का रे? केली असशील तर तसं सांग, मी रागावणार नाही.

हे इतकं विचारायचं कारण म्हणजे यंदा तो पुन्हा त्याच्या वडिलांच्या खडकावर जाणार आहे. तुला माहीतच आहे, दूर दक्षिणेला पाण्याखाली कुठेतरी तो खडक आहे, मासा तिथे भरपूर लागतो. सासऱ्यांनी मरताना त्याच्या खुणा एकट्या स्त्रातिसच्या कानात सांगितल्या. कुठलं डोंगराचं टोक कुठल्या दगडाच्या रेषेत आणायचं, ते त्याने ना भावाला सांगितलं, ना मला. तिथे असला की वायरलेसवर तो भलतंच ठिकाण सांगतो. तसं तर इथे सगळेच सांगतात. पण तो खडक लांब आहे, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी समुद्राचा भरवसा नसतो. तिथून त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायला हवा, बाकी मला काही नको.

मारिगो


पिरेअस, २९ सप्टेंबर

ताई,

काटकसर केलेली नाही. नऊचे अँटेना माझ्या फळीवर पडून आहेत. दाजींसाठी तीनचा मी मुद्दाम निवडला. का निवडला ते सांगतो, आणि तू त्यांना वाचून दाखव.

डेसिबल म्हणजे किलो नव्हे, लिटरही नव्हे. ती नुसती तुलना आहे. तीन म्हणजे दुप्पट, सहा म्हणजे चौपट, नऊ म्हणजे आठपट. म्हणजे याकूमिसचा नऊ खरा असला, तर तो माझ्या तिनाच्या तिप्पट नाही, चौपट आहे! आता दाजी म्हणतील, मग चौपटच पाठवायचा होतास की.

पण अँटेना स्वतः काहीच तयार करत नाही, ताई. वायरलेसमधून जेवढी ताकद येते तेवढीच बाहेर जाते. तू पाव करायला पीठ मळतेस ना, तो गोळा डोळ्यांसमोर आण. हाताने दाबलास की तो पसरतो, लांब जातो, पण पीठ तेवढंच राहतं. वरखालचं कमी होऊन आजूबाजूला जातं. तीनचा अँटेना म्हणजे जाडसर भाकरी, आणि नऊचा म्हणजे पातळ, लांब पसरलेली. मोठ्या जहाजावर किंवा डोंगरावर पातळ भाकरी उत्तम, कारण ती आडवी राहते. दाजींची होडी लाटांवर डावीउजवीकडे कलंडते. होडी कलली की भाकरीही कलते, तिची एक कड आभाळात जाते आणि दुसरी पाण्यात. तुझ्यापर्यंत काहीच येत नाही. जाडसर भाकरी थोडी कलली तरी तिचा काही ना काही भाग तुझ्याकडे राहतो.

आणि एक. याकूमिसला विचार, नऊ, पण कशाच्या मानाने नऊ? कुणी साध्या तारेच्या अँटेनाशी तुलना करतो. कुणी मनाने कल्पिलेल्या एका ठिपक्याशी करतो, जो सगळ्या दिशांना सारखाच पसरतो. असा ठिपका जगात कुठेच नाही, पण त्याच्याशी तुलना केली की आकडा आपोआप दोनाने फुगतो. खोक्यावर हे लिहीत नाहीत. "मी पाच मैलांवर आहे" म्हणायचं, आणि कुठून पाच मैल ते सांगायचं नाही, तसलाच हा प्रकार. त्याच्या काठीची लांबी तेवढी बघून ये. खरा नऊ तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केल्याएवढा असतो. त्याची काठी जर हात वर केलेल्या माणसाएवढीच असली, तर ती फार तर सहाची आहे. आकडा छापायला शाई पुरते, लांबी मात्र खोटी छापता येत नाही.

पांदेलिस


बेटावरून, ८ ऑक्टोबर

मार्कोनी,

तुझा अँटेना बसवला. छान चालतो. आभार. इकडे सगळं ठीक, द्राक्षं बरी आली.

स्त्रातिस


बेटावरून, १४ ऑक्टोबर

पांदेलिस,

स्त्रातिसने तुला लिहिलं ते साफ खोटं आहे. तो लिहीत होता तेव्हा मी शेजारीच उभी होते. तुझा अँटेना स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. तो शेजारच्या सामोस बेटावर जाऊन याकूमिससारखाच नऊचा घेऊन आला. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, तर म्हणाला, "तुझ्या भावाला दुकानात बसून भाकऱ्या थापू दे. समुद्रावर कोण जातं, तो की मी?"

लांबी मी बघितली. होडीवर कामाला असलेल्या लाझारोसला काठीशेजारी उभं केलं. त्याने हात वर केला की बोटं टोकाला लागतात. तू म्हणालास तेवढीच निघाली.

पण खरं सांगू? गेल्या आठवड्यात समुद्र नुसता तेलासारखा होता, आणि स्त्रातिसच्या काठीने कमाल केली. सामोसच्या पलीकडून कुणी अनोळखी माणूस त्याला उत्तर देत होता. संध्याकाळी कॉफीघरात स्त्रातिसची छाती ही एवढी फुगलेली. त्याने मला विचारलं, "काय म्हणतो मार्कोनी आता?" नंतर एका दिवशी थोड्या लाटा होत्या आणि त्याचा आवाज मध्ये मध्ये तुटत होता. मी हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, भावाची बाजू घेतेस.

संत दिमित्रीचा सण झाला की तो लाझारोसला घेऊन खडकावर जाणार. मला भीती वाटते, पांदेलिस. इतकी वर्षं वाटत नव्हती, यंदा वाटते.

मारिगो


पिरेअस, २३ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र वाचून आधी दाजींचा राग आला, मग माझाच आला. मीच त्यांना नीट समजावून लिहायला हवं होतं. भाकऱ्या नि पीठ तुझ्या पत्रात घातलं, आणि ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकावं लागलं. कुठल्याही माणसाला राग येणारच.

शांत समुद्रात नऊ जिंकणारच, हे मला ठाऊक होतं. मी ते लिहिलं नाही, कारण मला जिंकायचं होतं. ते जाऊ दे. आता ऐक.

आवाज एका लयीत येत-जात असेल, येतो, जातो, पुन्हा येतो, तर वायरलेस बिघडलाय असं समजू नकोस. होडी लाटांना आडवी पडून लोळते आहे, असं समज. आणि होडी आडवी कधी पडते ते तुला मी सांगायला नको. इंजिन चालू असताना कुठलाही शहाणा माणूस होडी आडवी ठेवत नाही. अशा वेळी लांब बोलू नकोस. एकच छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हण. त्यातलं कधी ना कधी एक पूर्ण त्यांच्या कानी पडेल.

आणि जायच्या आधी त्यांच्याकडून खडकाच्या खुणा काढून घे. कागदावर नकोत, तुझ्या डोक्यात ठेव. तू कुणाला सांगणार नाहीस हे त्यांना माहीत आहे. रडून विचार, रुसून विचार, पण विचार. आवाज ऐकू आला आणि तो कुठून येतोय तेच माहीत नसलं, तर त्या आवाजाचं करायचं काय?

पांदेलिस


बेटावरून, ७ नोव्हेंबर

पांदेलिस,

स्त्रातिस जिवंत आहे. लाझारोसही. हे आधी वाच आणि मग बाकीचं.

मी विचारलं होतं. रडून नाही, सरळच विचारलं. तो म्हणाला, "वडिलांनी आईला सुद्धा सांगितलं नव्हतं." आणि सकाळी निघून गेला.

दुपारी मी हाक मारली तेव्हा म्हणाला, "उत्तरेच्या टोकाजवळ आहे, सगळं ठीक." नेहमीसारखंच. मग दक्षिणेचा वारा सुटला. बाकीच्या होड्या एकेक करून आत आल्या. तो आला नाही. मी पुन्हा हाक मारली तेव्हा त्याचा आवाज आला, "जाळं पंख्यात..." आणि गेला. मग "...इंजिन बंद पडलं..." आणि गेला. मग नुसती खरखर.

ओल्या कपड्यांनिशी माणसं खोलीत जमली. बंदराचा पोलीस आला आणि विचारलं, "कुठे आहे तो?" मी म्हटलं, "उत्तरेच्या टोकाजवळ." कुणीच हललं नाही. मग याकूमिस हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तो उत्तरेला असता तर मध्ये डोंगर आला असता. एक शब्दही आला नसता." सगळ्यांनी माना खाली घातल्या. तो खोटं बोलतो हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, कारण ते सगळेच बोलतात. पोलिसाने विचारलं, "मग खरं कुठे?" आणि मला म्हणावं लागलं की मला माहीत नाही. लग्नाची बायको, आणि नवरा कुठे बुडतोय ते मला माहीत नाही! लाजेने मेल्यासारखं झालं.

दक्षिणेचा समुद्र केवढा! बोट पाठवणार तरी कुठे? आणि बेटाच्या त्या काठावरचे खडक तुला माहीत आहेत. वारा होडीला तिकडेच ढकलत होता.

आवाज येत होता, जात होता. मी डोळे मिटून नुसती ऐकत बसले, तेव्हा त्यातली लय लक्षात आली. येतो, जातो, येतो. तू लिहिलं होतंस तसंच. तो आडवा पडला होता. मग मनात आलं, होडी आडवी राहू शकत नाही, पण काठीने होडीबरोबर कललंच पाहिजे असं कुठे आहे? ती छपराला बांधलीय म्हणून कलते. तिथून काढली तर?

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "स्त्रातिस, काठी काढ. लाझारोस, हातात सरळ धर." सोडलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मागे कुणीतरी म्हणालं, बाई वेडी झाली. माझा घसा फाटला, तरी मी म्हणतच राहिले. तिकडून काहीच नाही. मग बराच वेळ खरखरसुद्धा नाही. कुणीतरी मेणबत्ती लावली, ती मी फुंकून विझवली. अजून मेलेला नाही तो, म्हटलं.

आणि मग आवाज आला. अख्खा आवाज! इतका स्वच्छ की मागच्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. "मारिगो, लाझारोसने धरलीय. बोल."

मी म्हटलं, "कुठे आहेस? खरं सांग."

मला वाटलं, पुन्हा गेला. पण गेला नव्हता. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने विचारलं, "खोलीत कोण कोण आहे?"

"सगळे."

"याकूमिस?"

"माझ्यासमोर उभा आहे."

पुन्हा नुसता श्वास. पांदेलिस, मी त्या क्षणी त्याच्यावर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नाही. मी ओरडले, "अरे, तुझ्या बापाचा खडक काय माझ्याशेजारी येऊन झोपणार आहे का? सांग!"

मग त्याने सांगितलं. कुठलं देऊळ कुठल्या सुळक्याच्या रेषेत, कुठला पांढरा कडा कुठल्या टोकाला शिवताना दिसतो, तिथून वाऱ्याने किती वाहत आलो. सगळं, एकेक करून, सावकाश, उघड्या वायरलेसवर. त्याच्या त्या नऊच्या काठीने, की सहाच्या, ते इतकं लांब पोचवलं की सामोसवाल्यांनीही ऐकलं, त्यांच्या पोलिसांनी आम्हाला तसं कळवलं. त्याचं बोलणं संपायच्या आत याकूमिस दारातून बाहेर पडला होता. असल्या वाऱ्यात बंदराचा पोलीस त्याला अडवणार होता, पण तो धावत सुटला.

होडी खडकांच्या इतकी जवळ गेली होती की लाझारोसला फेस तोंडावर लागत होता म्हणे. याकूमिसने दोर टाकला आणि ओढून आणलं. लाझारोसच्या तळहातांची सालं निघालीत, पण याकूमिसची होडी दिसेपर्यंत त्याने काठी सोडली नाही.

स्त्रातिस घरी आला, सूप प्यायला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून कुणाशी बोललेला नाही.

मारिगो


पिरेअस, १५ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र दुकानात उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्चीत बसलो. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला म्हटलं, उद्या या.

काठी हातात धरायचं मला सुचलं नसतं. खरंच सुचलं नसतं. मी तीनचा अँटेना लावा, तीनचा लावा करत बसलो असतो, आणि तो तर तुझ्या दारामागे होता.

दाजी बोलत नाहीत ते मला समजतं. त्यांच्या वडिलांनी एकच गोष्ट त्यांच्या हवाली केली होती, आणि ती त्यांनी सगळ्या एजियन समुद्राला ओरडून सांगितली. आता पुढल्या चांगल्या दिवशी त्या खडकावर अर्ध्या बेटाच्या होड्या असतील, आणि दाजींना त्यांना एक शब्दही बोलता येणार नाही. त्याच माणसांनी त्यांना वाचवलं. मी येऊ का? येऊनही काय बोलणार, ते मला ठाऊक नाही.

पांदेलिस


बेटावरून, २ डिसेंबर

मार्कोनी,

येऊ नकोस, समुद्र वाईट आहे. आलास तर वसंतात ये.

तीनचा अँटेना बसवला. या वेळी खरंच बसवलाय, हवं तर मारिगोला विचार. सामोसचा नऊवाला लाझारोसने मागितला. म्हणतो, आता तो माझा आहे.

तुला एक सांगायचंय. मारिगोला सांगता आलं नाही.

मी पुष्कळ दिवस कॉफीघरात गेलो नाही. मग एक दिवस म्हटलं, किती दिवस तोंड लपवायचं? गेलो, आणि सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालो, "जे ऐकलं ते तुम्ही ऐकलंय. खडक आता तुमचाही आहे. जाळी टाका, माझ्या मनात काही नाही." मी हे रात्रभर घोकलं होतं.

मग एकाने पत्ते पिसता पिसता विचारलं, "कुठला खडक?" मी म्हटलं, "अरे, त्या दिवशी मी वायरलेसवर सांगितला तो." तो म्हणाला, "तू सांगितलास? आम्हाला काय कळणार? तुझा आवाज सगळा तुटत होता." दुसरा म्हणाला, "एक अक्षर कळलं नाही बघ. तुझी ती काठी बदल बाबा." आणि पुन्हा पत्ते खेळायला लागले.

मी याकूमिसकडे वळलो. म्हटलं, "तुला तर कळलं होतं. तू सरळ माझ्यापाशी आलास." तो माझ्याकडे बघेचना. म्हणाला, "मी कुठे तुझ्यासाठी आलो होतो? माझं मी त्या बाजूने चाललो होतो. वाटेत तू दिसलास." त्या वाऱ्यात, पांदेलिस! त्या वाऱ्यात कुणी कुठे जात नसतं.

काल समुद्र शांत झाला, तेव्हा मी खडकावर गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो. वडिलांच्या खुणा जुळवल्या, इंजिन बंद केलं आणि चहूकडे पाहिलं. एकही होडी नव्हती. एकाही जाळ्याचा बोया पाण्यावर तरंगत नव्हता. लाझारोस पुढे बसून सिगारेट ओढत होता, तो म्हणाला, "टाकतोस ना जाळं?" मला टाकता येईना. मी तिथेच उभा राहून लहान पोरासारखा रडलो, आणि लाझारोस मुद्दाम दुसरीकडे बघत बसला. घरी आल्यावर मारिगोने विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, वारा होता.

स्त्रातिस